तिसरा रकाना

माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या तेव्हाही आपलं अंथरूण आपणच उचलायच्या. मी घडी केली तर ती उलगडून पुन्हा करायच्या. डोळे उघडले की आधी बसल्या बसल्या दोन्ही पायांचे पंजे पुढे-मागे हलवायच्या आणि मग भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या. अंघोळीचं पाणी स्वतः तापवायच्या. भरलेलं पातेलं त्यांना उचलत नव्हतं, म्हणून त्या रिकामं पातेलं गॅसवर ठेवायच्या, तांब्यानं थोडं थोडं पाणी त्यात ओतायच्या, आणि तापल्यावर तांब्यानंच थोडं थोडं बादलीत काढायच्या. वेळ लागायचा, पण घाई कोणाला होती? अंघोळ झाली की नऊवारी लुगडं भिंतीला टेकून नेसायच्या. जुनं लुगडं धुऊन, काठीच्या टोकानं वलणीवर टाकायच्या, कारण हात वर जात नव्हता. चोळी गाठीची. आयुष्यात त्यांनी बटण लावलं नव्हतं.

हे सगळं मी लिहून ठेवते आहे, कारण एका कागदावर याच्या उलट लिहिलेलं आहे आणि त्या कागदाखाली माझी सही आहे.

आमचं घर तात्यापाऱ्यात, दुकानांच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, लहान अंगण, अंगणात नळ. मी भंडाऱ्याकडची. लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा हे मध्य प्रदेशातलं एक शहर होतं, पुढे छत्तीसगडची राजधानी झालं आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशीसुद्धा मोटारी उभ्या राहू लागल्या. माझे यजमान छापखान्यात कामाला होते. ते गेले तेव्हा आम्ही दोघीच उरलो. मूलबाळ आम्हाला झालं नाही. मी समता कॉलोनीत मुलींच्या हॉस्टेलात पोळ्या करायला जाऊ लागले. सकाळी आठला निघायची, दोनला परत. तेवढा वेळ सासूबाई एकट्या असायच्या.

एकट्या म्हणजे काय, दहाच्या सुमारास भाजीवाली यायची. सासूबाई ओट्यावर बसून तिच्याशी छत्तीसगढीत भांडायच्या. "का भाव देबे ओ? सोनं विकत हस का?" भाजीवाली हसायची आणि म्हणायची, "ले ले दाई, तोर बर कमती," म्हणजे तुझ्यासाठी कमी. भाव ठरला की टोपली परत तिच्या डोक्यावर चढवायला सासूबाईच हात लावायच्या. मी एकदा लवकर घरी आले तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. म्हटलं, "आई, तुम्ही कशाला उचलता?"

"मंग काय तू येशील हॉस्टेलातून पळत?"

माझं कौतुक त्यांनी कधी केलं नाही. माझी चौथीपर्यंतची शाळा हा त्यांचा आवडता विषय. "शिकली चौथीपर्यंत, पण पोळी अजून पहिलीतच आहे," हे मी किती वेळा ऐकलं असेल. हॉस्टेलात मला पोळ्यांसाठीच ठेवलं असं घरी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या पोट्ट्यांचे मायबाप दूर आहेत न, त्याईले कोण सांगणार?" मी हसले. त्यांनाही हसू आलं, पण त्या तोंड फिरवून हसल्या.

श्रावणात नळापाशी शेवाळ झालं आणि त्या पाय घसरून पडल्या. डावं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं. तेवढे दिवस लुगडं मी नेसवून दिलं. ते त्यांनी कसं घेतलं तर तोंड भिंतीकडे करून, आणि सगळा वेळ हुकूम देत. "उजवीकडून. अवो उजवीकडून. उजवा-डावा चौथीच्या पुढं शिकवतेत का?" प्लास्टर निघालं त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्या आल्या मी लुगडं हातात घेतलं तर त्यांनी ते ओढून घेतलं. "झालं तुझं काम. आता जाय पोळ्या लाट."

पण त्या पडल्यामुळे भासऱ्यांना काळजी लागली. भासरे म्हणजे सासूबाईंचे थोरले, माझे मोठे दीर, सरकारी ऑफिसात चांगल्या जागेवर. राजधानी झाल्यावर त्यांची बढती झाली आणि त्यांनी तेलीबांध्याला, तलावाच्या बाजूला, सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. माणूस वाईट नाही. मी त्यांच्यासमोर कधी बोललेच नाही, लग्न झालं त्या दिवसापासून डोक्यावर पदर आणि दाराच्या आड. त्यांना जे सांगायचं ते जाऊबाईंकडून. हे कोणी मला बळजबरीनं करायला लावलं नव्हतं. आमच्याकडे तशी रीत होती, आणि माझा स्वभाव असा, की ती रीत मला सोयीची पडली.

नवरात्राच्या आधी जाऊबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "हे बघ, ह्यांचं मत आहे की आईंना आता एकटं ठेवायला नको. तू दिवसभर बाहेर. पण आई आपणहून यायच्या नाहीत. तर दवाखान्यातून एक मुलगी येणार आहे. म्हातारी माणसं घरात काय काय आपलं आपण करू शकतात ते बघते आणि कागदावर लिहून देते. तिनं लिहिलं की आईंना सगळं जमतं, तर राहू दे तिथं, हे काही बोलणार नाहीत. नाही जमत असं लिहिलं, तर आम्ही घेऊन जातो."

मी म्हटलं, "बरं."

"आणि आईंना यातलं काही सांगू नको. उगाच घाबरतील."

मी ते मान्य केलं. खरं म्हणजे फोन ठेवल्यावर मला हसूच आलं. सासूबाईंना काय जमतं हे बघायला मुलगी येणार! दिवसभर त्यांच्यामागे फिरली तर तीच थकेल, असं मला वाटलं. मी सासूबाईंना एवढंच सांगितलं, की तुम्ही पडला होतात म्हणून दवाखान्यातून कोणी बघायला येणार आहे, भासरेही येणार आहेत.

"इथं येणार? घरी?" त्यांनी दोनदा विचारलं.

मी विसरले की ही बाई पाहुणा येणार म्हटल्यावर काय करते. त्या दिवशी सासूबाई पहाटेच सगळं उरकून बसल्या. लुगडं धुऊन वलणीवर, पूजा झालेली, अंगण झाडलेलं. मग त्यांनी ट्रंकेतलं चांगलं लुगडं नेसलं आणि पलंगावर मांडी घालून बसल्या त्या उठल्याच नाहीत. आमच्या घरात पाहुण्यासमोर सासू उठून काम करत नाही. केलं तर सुनेला नावं ठेवली जातात.

अकरा वाजता भासरे आले आणि त्यांच्यासोबत ती मुलगी. पंचवीसची असेल, पांढरा कोट, हातात फळीवर लावलेला कागद. नम्र होती. आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडली. सासूबाईंनी मला हाक मारली, "पाणी आण. पंखा वाढव. चहा ठेव. पोह्यात लिंबू वेगळं दे, सगळ्याईले चालत नाही." मी धावत होते. ती मुलगी बघत होती. म्हातारी बाई बसलेली आहे आणि सून सगळं हातात आणून देते आहे, हेच तिनं पाहिलं.

कागद इंग्रजीत होता. ओळी खाली खाली होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने. पाणी देताना मी वाकून पाहिलं तर ती भासऱ्यांना समजावत होती, की आपलं आपण करतात तर पहिला, थोडी मदत लागते तर दुसरा, सगळं दुसऱ्यानं करावं लागतं तर तिसरा. एवढं मला कळलं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

"दादीजी, नहाना अपने आप हो जाता है, कि कोई मदद करता है?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. त्यांची हिंदी आमच्याकडची. म्हणाल्या, "मेरी बहू है न. सब वोइच करती. पानी गरम करके देती, नहला के देती. मेरेको तो हातइच नहीं लगाने देती."

मी दाराची चौकट धरली. मला वाटलं त्या थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"और कपड़े?"

"ये नौ वार का है बेटा, मेरे से क्या होता अब? बहू नेसाती. एक चुन्नट इधर की उधर नहीं होने देती."

मुलीनं खूण केली. मला दारातून दिसलं, तिसऱ्या रकान्यात.

"खाना बनाना?"

"बनाना! थाली सामने आती. गरम रोटी. उसके हात की रोटी खाओगी न तुम, तो भूलोगी नहीं."

आता जे लिहिते आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मला माहीत होतं हे खोटं आहे. मला माहीत होतं की प्रत्येक खुणेबरोबर त्या या घरातून एकेक पाऊल बाहेर जात आहेत, आणि त्या खोलीत हे फक्त त्यांनाच माहीत नव्हतं. मी दोन पावलं पुढे जाऊन म्हणायला हवं होतं, की थांबा, आई, असं नाही. पण माझे कान तापले होते. एकतीस वर्षं मी त्या घरात होते. एकतीस वर्षांत त्यांच्या तोंडून माझ्या पोळीबद्दल चांगला शब्द निघाला नव्हता. तो आता निघत होता, परक्या माणसासमोर, माझ्या भासऱ्यांसमोर, आणि तो थांबू नये असं मला वाटत होतं. पुढचा प्रश्न काय येतो आणि त्या माझ्याबद्दल आणखी काय म्हणतात, याची मी वाट बघत होते.

मुलीनं हळू आवाजात संडासाचं विचारलं. सासूबाई मान वर करून म्हणाल्या, "वहाँ तक भी हात पकड़ के लेके जाती. आधी रात को भी. अपनी बेटी नहीं करेगी इतना."

भासरे खाली फरशीकडे पाहू लागले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मुलगी कामात कच्ची नव्हती. ती म्हणाली, "दादीजी, एक बार उठ के, चल के दिखाएँगी? रसोई तक?"

"बाप्पा! मैं क्या दिखाऊँ? खेल है क्या? मेरी बहू को पूछो न, वो खड़ी है."

मुलगी माझ्याकडे वळली. "भाभीजी, ये सब आप ही करती हैं?"

भासरे समोर बसले होते. माझा पदर डोळ्यांपर्यंत आला होता. माझी मान हलली. ती कशी हलली हे मला आजही नीट सांगता येत नाही, पण ती आडवी हलली नाही, एवढं नक्की. मुलीनं फळी माझ्यासमोर धरली आणि बोट ठेवून जागा दाखवली. मी मराठी शाळेत शिकले तशी, एकेक अक्षर सुटं सुटं काढून सही केली.

जाताना भासरे दारात थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईचं इतकं करता तुम्ही, आम्हाले माहीतच नव्हतं. आता आम्हालेही करू द्या थोडं."

ते गेल्यावर सासूबाई पलंगावरून उतरल्या, पाहुण्यांच्या बशा उचलून नळापाशी नेल्या आणि विसळायला बसल्या. मी मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आई, तुम्ही असं..."

"पोहे खारट झालते," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांनी त्या तेलीबांध्याला गेल्या. त्यांना सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत चला, तलाव बघा, हवा बदलेल. त्या एकच ट्रंक घेऊन गेल्या. भाजीवालीला सांगून गेल्या, "येतो मी पंधरा दिवसात. तोवर हिच्या हाती सडलेले टमाटे देऊ नको, हिले समजत नाही."

तेलीबांध्याच्या घरात कोणी त्यांना दुखवलं नाही. मी रविवारी दुपारी जायची, आणि प्रत्येक वेळी बघायची की सगळे त्यांच्याशी किती चांगले वागतात. तो कागद जाऊबाईंनी जपून ठेवला होता आणि त्याप्रमाणे सगळं लावलं होतं. एक आया ठेवली होती. ती पाणी काढून द्यायची, अंघोळ घालायची, हात धरून न्यायची. सासूबाई उठू लागल्या की ती म्हणायची, "बैठो अम्मा, बैठो." तिला लुगडं नेसवता येत नव्हतं, म्हणून जाऊबाईंनी चार गाऊन आणले, पुढे बटणं असलेले. सासूबाई बटणाशी झटापट करायच्या, मग आया येऊन लावायची. नळाला गरम आणि थंड असे दोन कान होते. एकदा त्यांनी उलटा फिरवला आणि हात पोळला, त्यानंतर त्या एकट्या न्हाणीघरात जाईनाशा झाल्या. ओटा त्यांच्या उंचीला जास्त होता. खिडकीतून तलाव दिसायचा, पण सातव्या मजल्यावर कोणती भाजीवाली येणार?

दिवाळी झाली. मार्गशीर्षातल्या एका रविवारी आया झोपली होती आणि आम्ही दोघीच खिडकीपाशी होतो. त्या एकदम म्हणाल्या, "मले घरी कधी नेतेस?"

मी खिडकीतून तलावाकडे पाहू लागले.

"काहून गप्प बसून राहिली? पोरगा नाही म्हणते का?"

मग मी सगळं सांगितलं. ती मुलगी कशासाठी आली होती, तिच्या कागदावर काय होतं, तीन रकाने कसले होते. मधे त्यांनी दोनदा "मोठ्यानं बोल" म्हटलं.

ऐकून त्या माझ्याकडे वळल्या. "मले वाटलं ते पोट्टी तुले तपासायले आली," त्या म्हणाल्या. "मी पडली न नळावर. म्हणलं, दवाखान्यावाले पाहून राहिले, सून सांभाळते की नाही. पोरगा सोबत आला, म्हणजे त्यालेही शंका. तू दिवसभर बाहेर. म्हणलं, उद्या म्हणतीन, हिच्यानंच म्हातारी पडली. म्हणून सांगतलं तसं."

मी रडू लागले.

"तुले तर माहीत होतं न?"

"हो."

"मंग काहून नाही बोलली?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काय सांगणार होते? मला कौतुक ऐकायचं होतं, असं? मी पदर तोंडात धरला. त्यांनी थोडी वाट पाहिली, मग खिडकीकडे तोंड केलं. "जाऊ दे," म्हणाल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

त्या आठवड्यात मी भासऱ्यांना चिठ्ठी लिहिली. मला बोलता येत नाही पण लिहिता येतं. तीन वेळा लिहून फाडली. शेवटी असं लिहिलं: "सा. न. वि. वि. आई घरी सर्व कामे स्वतः करत होत्या. अंघोळ, लुगडे, स्वयंपाक, सर्व. मी काही करत नव्हते. त्या दिवशी त्यांनी सांगितले ते माझ्यासाठी खोटे सांगितले आणि मी गप्प राहिले. चूक माझी आहे. त्यांना परत पाठवावे." रविवारी ती जाऊबाईंच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

आतल्या खोलीत भासऱ्यांनी ती वाचली. त्यांचा आवाज मला ऐकू आला, घोगरा झाला होता. "पाहा. 'मी काही करत नव्हते' म्हणे. एवढं करून नाव नको तिले. आजकाल अशा बाया राहिल्या का?"

जाऊबाई बाहेर आल्या आणि त्यांनी मला जवळ घेतलं. मी त्यांच्या खांद्याशी म्हणत राहिले, "खरं आहे हो ते, खरं आहे." त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पण भासरे न्यायाचे होते. आई जायचंच म्हणते तर पुन्हा एकदा बघू, असं ते म्हणाले. ती मुलगी परत येईपर्यंत फाल्गुन लागला. म्हणजे सासूबाईंना तिथं पाच महिने होत आले होते.

या वेळी त्यांना सगळं माहीत होतं. मी सकाळीच गेले होते आणि ट्रंकेतून त्यांचं लुगडं काढून ठेवलं होतं. मुलीनं मला ओळखलं. मी धीर करून तिला बाजूला घेऊन म्हटलं, की मागच्या वेळी कागदावर लिहिलं ते बरोबर नव्हतं. ती गोंधळली. "लेकिन भाभीजी, साइन तो आपने किया था न?"

"हव," मी म्हणाले.

तिनं फळीवर कोरा कागद लावला. मग म्हणाली, "ठीक है. इस बार पूछूँगी नहीं, देखूँगी."

तिनं खरंच नीट पाहिलं, तिला बोल लावता येत नाही. तिनं आधी सासूबाईंना उठायला सांगितलं. त्या खुर्चीवर होत्या. उठण्यासाठी त्यांचा हात भिंत शोधत बाजूला गेला, तिथं भिंत नव्हती. दुसऱ्यांदा उठल्या, पण पाय थरथरत होते. चहा ठेवून दाखवा म्हटल्यावर त्या ओट्यापाशी गेल्या आणि काडेपेटी शोधू लागल्या. तिथं काडेपेटी नव्हती, बटण फिरवलं की गॅस पेटायचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलू नये असं मुलीनं खुणेनं सांगितलं.

मग लुगडं. मुलीनं भासऱ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटलं. गाऊनवरूनच नेसून दाखवा म्हणाली. मी म्हटलं, हे त्यांना येणारच, हे हाताला आहे, डोक्याला विचारावं लागत नाही. सासूबाई भिंतीला टेकल्या. कमरेची गाठ मारली. निऱ्या घेऊ लागल्या, दोन, तीन, चार. चौथ्या निरीवर हात थांबले. त्या खाली हातांकडे बघत राहिल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तिथंच थांबल्या. निऱ्या बोटांतून सुटून पायाशी पडल्या.

"तू कर," त्या मला म्हणाल्या.

मी खाली बसले, निऱ्या गोळा केल्या, खोचल्या, काष्टा मागे नेला. चुकून डावीकडून घेतला. घेताना लक्षात आलं आणि मी थांबले, आता ऐकायला मिळेल म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत. तशाच उभ्या राहिल्या, लहान मूल कपडे घालून घेतं तशा, हात थोडे बाजूला धरून.

मुलीनं खुणा केल्या. बहुतेक तिसऱ्या रकान्यात, दोन दुसऱ्या. या वेळी कागद खरा होता. मी सही केली.

वैशाखात मी हॉस्टेलचं काम सोडलं आणि तात्यापाऱ्याच्या घराला कुलूप लावून तेलीबांध्याला राहायला गेले. भासऱ्यांनीच जाऊबाईंकडून निरोप दिला होता, की तिच्याइतकं कोणी करणार नाही. आयाला काढलं. पुढे सव्वा वर्ष मी सासूबाईंना अंघोळ घातली, लुगडं नेसवलं, कारण गाऊन मी घालू दिला नाही, हात धरून नेलं. पहिल्या कागदावर लिहिलेलं सगळं मी केलं. मधेच मी त्यांच्या हातात तांब्या द्यायची, म्हणायची, "आई, तुम्ही ओता." कधी ओतायच्या, कधी नुसता धरून बसायच्या. इमारतीतल्या बाया भेटायला यायच्या आणि म्हणायच्या, अशी सून नशिबानं मिळते. मी आत निघून जायची.

शेवटच्या पावसाळ्यात त्या फार कमी बोलायच्या. मला बहुतेक ओळखायच्या, नाव घ्यायच्या नाहीत. जेवण भरवावं लागायचं. एकदा दुपारी मी वरणात पोळी कुस्करून घास त्यांच्यापुढे नेला तर त्यांनी तोंड उघडलं नाही. हात वर केला आणि माझ्या बोटांतून तो घास काढून घेतला. मला वाटलं, स्वतः खायचं आहे. मी ताट त्यांच्या जवळ सरकवलं आणि वाट पाहिली. त्यांनी घास नीट गोळा केला, बोटांनी दाबला, आणि हात लांब करून माझ्या तोंडापुढे धरला. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

मी तो खाल्ला. मग त्यांचा हात पुसला आणि दुसरा घास केला.